काळी माती आणि समोरच्या बाईंचा पिंपळ

माझ्या खिडकीची कीर्ती आमच्या बिल्डिंगमध्ये वर दोन मजले आणि खाली एक मजला पसरलेली होती, हे आधीच सांगून टाकते. स्वतःच्या तोंडाने सांगतेय, पण चालायचंच. ते सांगितलं नाही तर पुढे मी कुठून कुठे पडले ते तुम्हाला कळायचं नाही.

परळच्या चाळीतली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला आलो, तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. चाळीत झाड म्हणजे गॅलरीतली एक तुळस, तीही पाच बिऱ्हाडांत मिळून. इथे येऊन बघते तर प्रत्येक खिडकीला बाहेर काढलेलं लोखंडी ग्रिल आणि त्याच्यावर पत्रा. आमचे हे म्हणाले, "चला, सुटकेसा ठेवायला जागा झाली." मी म्हटलं, "ठेवून तर बघा." पहिल्याच आठवड्यात तिथे मोगरा आला.

कुंड्या विकत आणायच्या असतात हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. तेलाचा पाच लिटरचा कॅन रिकामा झाला की सुरीने आडवा कापायचा, बुडाला तापलेल्या सळीने चार भोकं पाडायची, झाली कुंडी. बुडाला नारळाच्या शेंड्या पसरायच्या, म्हणजे पाणी निघून जातं पण माती वाहून जात नाही. बी पेरायचं ते दुधाच्या पिशवीत. रोप वीतभर झालं की पिशवी कापून मुळांसकट उचलायचं, त्याला कळतसुद्धा नाही घर बदललं ते. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडली की झारी तयार. तांदूळ धुतलेलं पाणी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. कढीपत्त्याला आंबट ताक. चहाचा चोथा घालायचा तो मात्र धुऊन, त्यातली साखर काढून, पेपरवर वाळवून, नाहीतर कुंडीत मुंग्यांचं लग्न लागतं.

आणि सगळ्यात गाजली ती माझी नाडी. एकदा लग्नासाठी चार दिवस गावाला जायचं होतं. झाडांना पाणी कोण घालणार? जुन्या परकराची सुती नाडी घेतली, एक टोक पाण्याने भरलेल्या बाटलीत सोडलं, दुसरं कुंडीतल्या मातीत खुपसलं. नाडी पाणी पीत राहिली, मातीला देत राहिली. आलो तर बाटल्या रिकाम्या आणि झाडं टवटवीत. त्यानंतर जिन्यात भेटेल ती बाई हसून विचारायची, "काय काकू, नाडीवाली बाग काय म्हणतेय?" हसायच्या, पण मग हळूच वर येऊन बघूनही जायच्या.

तर अशी मी. मला झाडातलं सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या समोरच्या दारात एक बाई राहायच्या. महापालिकेच्या नाही, एका खाजगी शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्खा मजला त्यांना बाईच म्हणायचा. मूळच्या मराठवाड्यातल्या, बौद्ध कुटुंब. नवरा नोकरीसाठी दूर, महिन्यातून एकदा यायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण बोलणं मोजकं. मी दहा वाक्यं बोलले की त्यांचं एक यायचं, तेही असं नेमकं की माझी दहा फुकट जायची. आमचं देणंघेणं वाटीचं. इकडून आमटी जायची, तिकडून ज्वारीची भाकरी आणि ठेचा यायचा.

त्यांच्या खिडकीत एकच झाड. रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला पिंपळ, माझ्या कमरेइतका. त्यांच्या वडिलांनी गावच्या विहाराच्या आवारातून बोटभर रोप आणलं होतं. मुलीला मुंबईला पोचवायला आले तेव्हा एसटीत मांडीवर घेऊन आले होते म्हणे. पुढे दोन वर्षांत वडील गेले. बाई हे एकदाच बोलल्या होत्या, आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं. रोज सकाळी शाळेत निघायच्या आधी त्या ओल्या फडक्याने एकेक पान पुसायच्या. पाहुण्याचं तोंड पुसावं तसं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. गावाला त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. महिनाभर जायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं. दोन्ही हातांत तो डबा.

"ताई, महिनाभर ठेवाल का? नाडी लावून जाणार होते, पण महिना म्हणजे फार झालं."

मी "अहो, विचारताय काय!" म्हणून हात पुढे केले आणि तेवढ्यात आतून आमच्या सासूबाईंचा आवाज आला. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी, त्यामुळे स्वतःचं बोलणंही मोठ्याने.

"पिंपळ का तो? घरात नको हो! पिंपळावर मुंजा असतो. त्यांचं त्यांच्याकडेच राहू दे."

माझे हात पुढे केलेले तसेच राहिले. बाईंनी ऐकलं. न ऐकायला त्या काही मैलभर लांब नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तेच मला जास्त लागलं. मी घाईघाईने डबा घेतला आणि तोंडातून काय निघालं तर, "अहो, घरात कुठे, खिडकीत राहील! खिडकी बाहेरच असते की."

आता लिहितानाही मला माझाच राग येतो. सासूबाईंना म्हाताऱ्या म्हणून सोडता येईल. मला काय झालं होतं?

बाई एवढंच म्हणाल्या, "कुठेही राहील. फक्त पाणी."

त्या गेल्या आणि मला काय वाटायला लागलं, ते ऐका. ते 'खिडकीत राहील' बोललेलं कसं पुसून टाकू? वाटलं, बाई परत येतील तेव्हा हा पिंपळ असा करून दाखवते की त्यांना ओळखू येऊ नये. नवी कुंडी, नवी माती. त्या गंजक्या डब्यातून मुळं खालून बाहेर यायला लागली होतीच.

माती कुठली? एरवी मी हायवेला, काशीगावच्या बाजूला एक नर्सरी होती तिथून गोणी आणवायची. ती रिक्षाने आणायची म्हणजे रिक्षावाल्याची मिन्नतवारी. पण त्या मे महिन्यात आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर नव्या टॉवरचा पाया खणायला घेतला होता. मशीन खोल खड्ड्यातून माती काढत होतं आणि कडेला तिचा डोंगर झाला होता. माती काळीभोर. हातात घेतली की लोण्यासारखी. नखाने दाबली तर नख बुडावं.

मला बाईंचंच एक बोलणं आठवलं. भाकरी देताना एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्याकडची जमीन काळी, ताई. पेरलं की येतं." मी त्या डोंगरासमोर उभी राहिले आणि माझ्या मनाने टाळी वाजवली. काळी माती! पिंपळाला त्याच्या गावची माती! तीही फुकट! वॉचमनला विचारलं, "भैया, थोडा मिट्टी ले जाऊँ क्या?" तो म्हणाला, "पूरा पहाड़ ले जाओ आंटी." दोन पिशव्या भरून दोन खेपा केल्या.

पिंपळ लावला. हात लागलाच होता म्हणून मोगरा, गोकर्ण आणि टोमॅटोही त्याच मातीत हलवले. संध्याकाळी हे ऑफिसातून आले तर मी त्यांना खिडकीशी नेऊन उभं केलं. म्हटलं, "बघा, मराठवाडा आणलाय."

पाचव्या दिवशी पिंपळाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या.

मी म्हटलं, उन्हाने असेल. पाणी वाढवलं. आमच्या बिल्डिंगला पालिकेचं गोडं पाणी सकाळी जेमतेम तासभर, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरिंगचं. मी बोअरिंगचं पाणी सकाळ-संध्याकाळ घालायला लागले. कडा आणखी आत सरकल्या. मग चोथा घातला. मग अंड्याच्या टरफलांचा चुरा. मग ताक. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच वाळून गळल्या, टोमॅटो मान टाकून पडला. मातीवर वरून पांढरी साय धरली. मला वाटलं, ताकाची असेल. खरवडून काढली. दोन दिवसांत पुन्हा आली.

आठव्या दिवशी पिंपळाची पानं गळायला लागली. सकाळी खिडकी उघडली तर ग्रिलच्या तळाशी सात पानं. दुपारी आणखी चार. मी एकेक उचलून पदरात धरत होते. म्हणजे माझ्या हातून झाड मरतं? माझ्या?

आणि त्याच दुपारी फोन वाजला. गावच्या बूथवरून बाई.

"ताई, आईचं ऑपरेशन चांगलं झालं. झाड कसंय?"

पदरात अकरा पानं, हातात रिसीव्हर. आणि मी म्हणाले, "मजेत आहे हो! काळजीच करू नका."

फोन ठेवला. एवढं सरळ खोटं माझ्या तोंडातून कसं निघालं? मग हळूहळू डोक्यात शिरलं ते त्याहून भयंकर. हे झाड मेलं तर बाईंना काय वाटेल? त्यांनी सासूबाईंचं बोलणं ऐकलंय. माझं 'खिडकीत राहील' ऐकलंय. मी शपथा घेतल्या तरी त्यांना एकच वाटणार, की ह्यांना आमचा पिंपळ घरात नको होता आणि ह्यांनी तो मारला. आठ वर्षांच्या वाट्या, आमट्या, भाकऱ्या एका बाजूला, आणि हे एका बाजूला.

दुसऱ्या दिवशी मोगऱ्याची आशा सोडली. कुंडी घेऊन खाली निघाले, गेटजवळच्या कचऱ्यात टाकायला. गेटवर चेणे गावाहून येणारी भाजीवाली बसायची. तिच्या पाटीत पालेभाज्या, भोपळ्याची फुलं, असलं सगळं तिच्या स्वतःच्या वाडीतलं. वयाने माझ्याएवढीच, पण काटक. ती लांबूनच ओरडली, "काय गो काकी, मोगरा मारलास?"

मी म्हटलं, "मी कशाला मारू? काय झालं कळतच नाही. एवढी चांगली काळी माती घातली."

"बगू."

तिने कुंडी ओढून घेतली. बोटाने ती पांढरी साय उकरली. मग मातीची चिमूट उचलली आणि, मी बघतेय तोवर, जिभेवर ठेवली.

मी किंचाळलेच. "अगं, ए! थुंक! काय करतेस!"

तिने शांतपणे बाजूला थुंकलं, पदराने ओठ पुसले. "खारी हाय."

"काय?"

"माती खारी हाय, काकी. खारी म्हंजे मीठ. कुटून आनलीस?"

मी मागच्या प्लॉटकडे बोट केलं. ती अशी हसायला लागली की मेथीच्या जुड्या पाटीत हलल्या.

"मागं काय नि पुडं काय! हितं समदं खाडीचं पानी यायचं. मिठागरं होती हितं. वरचा भराव उकरला का खाली खाजनच लागनार, खाडीचा खारा चिकल. हिच्यात मीठ पिकल, मोगरा न्हाय. कोन सांगितलं तुला काळी माती चांगली म्हनून?"

कोण सांगणार? जन्मभर ऐकलेलं, पुस्तकात वाचलेलं, गाण्यात गायलेलं. काळी माती म्हणजे आई. आई एवढी खारी असेल हे मला कोणी बोललं नव्हतं. मी त्या इमारतीत आठ वर्षं राहत होते. येताजाता स्टेशनच्या पलीकडे पांढरे ढीग बघत होते, आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना "ते बघा मिठागर" म्हणून दाखवत होते. आणि तरी आपण स्वतः कशावर उभे आहोत हे माझ्या मनात कधीही आलं नाही. मी तिथल्या तिथे चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारटच होती.

"अगं, ह्याच्यात मी दुसऱ्याचा पिंपळ लावलाय!"

ती हसायची थांबली. "दुसऱ्याचा? मग पळ. उपट आदी. मुळं गोड्या पान्यात धू. एकदा न्हाय, चार-पाचदा. बोरिंगचं घेऊ नको, त्ये बी मचूळ असतंय. माती मी उद्या आनते माज्या वाडीतली. तू मला त्ये तेलाचे डबे दे कापून, मिरच्या लावाया."

मी जिना कशी चढले ते आठवत नाही. पिंपळ उपटला. मुळं बघितली आणि डोळे मिटून घेतले. टोकं काळी, मऊ झालेली. आता चार-पाचदा धुवायचं, तेही गोड्या पाण्यात. सकाळचं भरून ठेवलेलं पाणी म्हणजे प्यायचं एक पिंप आणि दोन कळश्या. पहिली बादली कळशीची गेली. पाणी गढूळ झालं. दुसरी गेली. हे घरी आले आणि रिकाम्या कळश्या बघून म्हणाले, "आज काय, गावजेवण होतं?" मी सांगितलं. ते जागीच खाली बसले. पाण्यावरून नाही, बाईंवरून. मग म्हणाले, "आणखी पाणी कुठून आणणार?"

आणि त्याच वेळी पत्र्यावर वाजलं. टप. टप. टप.

ही आमच्या वरच्या मजल्याची गोष्ट. वरच्या गुजराती बेनने त्याच एप्रिलमध्ये बेडरूमला एसी बसवला होता. त्याचं पाणी आमच्या पत्र्यावर पडायचं. मी दोनदा वर जाऊन भांडून आले होते. दुसऱ्यांदा तर 'सोसायटीत लेटर देईन' म्हटलं होतं. आता मी ग्रिलमधून हात बाहेर काढला, ओंजळीत पडलेले थेंब चाखले. फिकं, बेचव. मीठ नाही, काही नाही. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी ते. मी तशीच वर पळाले.

"बेन, वो एसी का पानी..."

बेनने कपाळाला हात लावला. "काकी, फिर से झगड़ा? मिस्त्री को बोला है, सोमवार को पाइप लगाके देगा."

"पाइप मत लगाव! मेरे खिडकी में छोडो! और हो सके तो दोपहर को भी चालू रखो!"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. मग सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच प्लास्टिकच्या नळीचा तुकडा शोधून दिला. नळीचं एक टोक त्यांच्या एसीखाली, दुसरं माझ्या बादलीत. दुपार ते सकाळ बादलीत चांगलं पाणी साठायचं. पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगितलेली माझी ही शेवटची युक्ती, पण शिकले ती अशी, भांडून.

चेण्याची तांबूस माती दुसऱ्या दिवशी पाटीत पालेभाजीखाली झाकून आली. त्यात कुजलेलं शेणखत. एसीच्या पाण्यात मुळं आणखी दोन-तीनदा धुतली, सडलेली टोकं कात्रीने कापली, बुडाला शेंड्या घातल्या, पिंपळ लावला, सावलीत ठेवला. त्याच्यावर तोवर दोन पानं उरली होती. तिसऱ्या दिवशी तीही गेली. नुसती काठी.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते सासूबाईंनी. एका दुपारी डोळा लागला होता. उठून बघते तर ऐंशी पार केलेली बाई खिडकीच्या कट्ट्याला धरून, वाटीने बादलीतलं पाणी त्या काठीला घालतेय.

"आई, तुम्ही?"

"मग काय करू? मुंजा आहे त्याच्यात. आपल्या घरात मेला तर तो जाणार कुठे? आपल्याच डोक्यावर बसणार." आणि वाटी पुन्हा बादलीत बुडवली. ज्या भीतीने नको म्हणत होत्या, त्याच भीतीने आता जगवत होत्या. हसू का रडू मला कळेना. पण एक सांगते, रोज दुपारी न चुकता एकच वाटी. जास्त नाही. मला नव्हतं तेवढं भान त्यांना होतं.

बाईंचा फोन आणखी एकदा आला. मी पुन्हा "मजेत" म्हणाले. ह्या वेळी आवाज जरा चिरला असावा, कारण त्या म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "सर्दी."

त्या रविवारी ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सुचवलं, "मागच्या पाईपावर बघितलंस का? तिसऱ्या मजल्याच्या सांध्यात पिंपळ आलाय. जिन्याच्या खिडकीतून हात पोचतो. तो काढ आणि लाव ह्या कुंडीत. पिंपळासारखा पिंपळ. कोणाला काय कळणार?"

मी म्हटलं, "शरम नाही वाटत?"

आणि सोमवारी दुपारी जिन्यात कोणी नाही बघून तो उपटून आणला. खरं लिहायचं म्हणून लिहितेय. छान होता, आठ-दहा पानांचा, चकचकीत. कापलेल्या कॅनमध्ये लावून मोरीत लपवून ठेवला. दोन दिवस त्याला बघायची आणि पुढे काही करायची नाही. काठी उपटायला हात उठत नव्हता. त्या काठीवर बाईंच्या वडिलांच्या मांडीचा एसटीतला अख्खा प्रवास होता. पाईपावरच्या पिंपळाचा माझ्या चोरट्या हाताखेरीज काय प्रवास? आणि सकाळी शाळेत जाण्याआधी बाई ह्याची पानं पुसणार, वडिलांची म्हणून, आणि मी समोरच्या दारातून रोज ते बघणार? मला जमलं नसतं. हे म्हणाले, "मग काय करणार आहेस?" म्हटलं, "अजून दहा दिवस आहेत. बघू."

दहा दिवस नव्हतेच. बुधवारी सकाळी दार वाजलं. दारात बाई. पायाशी बॅगा, केस प्रवासाने विस्कटलेले.

"आईला बरंय. भाऊ आला, मग मी निघाले," म्हणाल्या. आणि पुढचा शब्द, "झाड?"

मी बाजूला झाले. दुसरं काही सुचलंच नाही. त्या आत आल्या. खिडकीत ती काठी. मोरीचं दार उघडं, आणि नेमका तिथे सकाळच्या उजेडात तो दुसरा पिंपळ, हिरवागार. बाईंनी हे बघितलं, ते बघितलं. शिक्षिकाच त्या. कॉपी लगेच ओळखली.

मग मी बोलत सुटले. काळी माती, मराठवाडा, मिठागर, भाजीवालीची जीभ, एसी, पाईप, फोनवरची खोटी सर्दी. सगळं उलटंपालटं. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्हाला वाटेल की आम्हाला नको होता म्हणून... आमच्या सासूबाई तेव्हा जे बोलल्या... आणि मीही... पण तसं नाही हो. खरंच नाही."

बाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी आईला गेल्या गेल्याच सांगितलं होतं, परत जाईन तेव्हा झाड नसेल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"त्या दिवशी दारात ऐकलं ना, तेव्हाच समजले. फेकून देतील, आणि वाळलं म्हणून सांगतील."

ज्या गोष्टीला घाबरून मी इतके दिवस मरत होते, ती गोष्ट ह्यांच्या मनात पहिल्या दिवशीच बसलेली होती. मी माती आणायच्याही आधी! आठ वर्षं आमट्या नेऊन-आणून मी ह्यांच्याकडे एवढाच भरवसा जमवला होता?

"मग ठेवलंत कशाला माझ्याकडे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"खालच्या मजल्यावर विचारलं होतं आधी. त्यांनी डबा बघून दारच लोटून घेतलं. तुम्ही निदान हात तरी पुढे केलेत." त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. "वाळलं म्हणून सांगाल, तेव्हा काय बोलायचं, ते मी गाडीत रात्रभर ठरवत आले. आता त्यातलं काहीच बोलता येत नाही."

आतून सासूबाई काठी टेकत आल्या. त्यांना अर्धंच ऐकू आलं असणार. बाईंकडे बघून म्हणाल्या, "आलात का? दुपारची वाटी अजून घातली नाही मी. तुम्ही घाला. तुमचं ओळखतं ते तुम्हाला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो, रोज घालतात. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. त्या खिडकीशी गेल्या, वाकल्या आणि नखाने खोडाची साल जराशी खरवडली, बुडापासून वीतभर वर. तांदळाच्या दाण्याएवढी. आत हिरवं होतं. ओलं, हिरवं.

मी इतकी वर्षं झाडं लावली, पण जिवंत आहे का हे असं बघतात हे मला माहीत नव्हतं.

"वडील असं बघायचे," त्या म्हणाल्या. मग वाटीभर पाणी घातलं, हात पदराला पुसले आणि बॅगांकडे वळल्या. मी कुंडी उचलून द्यायला गेले.

"राहू दे. एसीचं पाणी तुमच्याकडे येतं, माझ्याकडे कुठे? पालवी येईपर्यंत इथेच." दारात जाऊन पुन्हा वळल्या. "आणि तो मोरीतला द्या मला. बिचारा पाईपावर चांगला होता. तुमच्याकडे राहिला तर त्याला काय खायला घालाल, सांगता येत नाही."

नेला त्यांनी. आमचं झाड त्यांच्या खिडकीत आणि त्यांचं आमच्या. शाळा उघडली तरी तसंच. रोज सकाळी निघताना त्या आधी आमच्याकडे येऊन काठीकडे बघायच्या. बसायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, बघून जायच्या. मला ती दोन मिनिटं वर्गात अंगठे धरून उभं केल्यासारखी वाटायची. पण येत होत्या. यायच्या थांबल्या असत्या तर मी काय केलं असतं?

एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. सासूबाई खिडकीशी होत्या, आणि त्या अशा किंचाळल्या की माझं लाटणं हातातून सुटलं. मला वाटलं पडल्या. धावले. समोरून बाई धावत आल्या, एका पायात चप्पल. सासूबाई बोट दाखवत होत्या. काठीवर, जिथे नखाची खूण होती त्याच्या जरा वर, तांबूस, टोकदार, नखाएवढं काहीतरी फुटलेलं होतं.

आम्ही तिघी त्याच्यावर वाकलो. शेवटी सासूबाईच त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचा मुंजा उठला हो!"

आणि बाई तिथेच, ग्रिलला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. त्या दिवशी त्यांना शाळेत उशीर झाला.